कापडवाल्याने आखलेली लीग

मी काही फुटबॉलचा दर्दी नाही. पण रविवारी सकाळी मुले कालच्या इंग्लिश सामन्यांवरून वाद घालू लागली, की मला विल्यम मॅकग्रेगर आठवतात. मूळचे स्कॉटिश, बर्मिंगहॅममध्ये कापडाचे दुकान. उरलेला वेळ ॲस्टन व्हिला क्लबच्या कारभाराला. १८८५ मध्ये खेळाडूंना पगार देणे नियमात बसले. पण ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होत. तिकिटाचे पैसे नाहीत, पगार मात्र चालूच! मार्च १८८८ मध्ये मॅकग्रेगरांनी क्लबांना पत्र धाडले आणि सप्टेंबरात १२ क्लबांची लीग सुरू झाली. दक्षिणेकडचा एकही नाही. गंमत म्हणजे, गुण कसे द्यायचे हे नोव्हेंबरात ठरले! १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली, क्लब २८ झाले. १९११ मध्ये मॅकग्रेगर गेले, तेव्हा ते ४० होते.