रुडॉल्फ डिझेल

मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ आगगाडीचें वाफेचें इंजिन १९९४ सालीं जाऊन डिझेलचें आलें. ज्यांचें नांव त्या इंजिनास मिळालें, त्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं झाला. म्यूनिक येथें शिकत असतां, वाफेचें इंजिन कोळशांतील बहुतेक उष्णता वायां दवडतें, हें शल्य त्यांच्या मनांत रुतलें.

हवा जोरानें दाबली असतां इतकी तापते कीं तींत तेल शिरतांच पेटतें. ठिणगी लागत नाहीं. पण तेल शिरावें केव्हां? येथेंच सारी मेख आहे. दट्ट्या वरच्या टोंकास पोंचण्याच्या किंचित् आधीं तें शिरावें. फार लवकर शिरल्यास इंजिन ठोके देतें, ज्वाळा अति तप्त होऊन नत्राचे विषारी वायु वाढतात. उशीर झाल्यास शक्ति घटते व काळा धूर निघतो. धूर पाहून तेलास दोष देणारे पुष्कळ, वेळ तपासणारे थोडे, असें आम्हांस वाटतें.

१८९३ सालीं आउग्सबुर्ग येथील पहिल्या चांचणींत स्फोट होऊन दाबमापकाचे तुकडे उडाले. तरी १८९७ सालीं त्यांनीं तेलांतील सुमारें चौथा हिस्सा उष्णता कामीं लावून दाखविली. मात्र तेल आंत फुंकण्यास दाबलेल्या हवेचें अवजड यंत्र लागे. बॉश यांचा आटोपशीर तेलपंप १९२७ सालीं आला. तो पाहण्यास डिझेल हयात नव्हते. कर्जानें गांजलेले ते २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं इंग्लंडास जाणाऱ्या बोटीवरून नाहींसे झाले. पुढें समुद्रांत प्रेत सांपडलें. खिशांतील वस्तूंवरून मुलानें ओळख पटविली.