डावं-उजवं ओळखणारे लुई पाश्चर

मित्रांनो, लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला आठवतं पाश्चराइज्ड दूध, नाहीतर कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन. पण त्यांचं पहिलं मोठं काम होतं चिंचेत असणाऱ्या टार्टारिक अ‍ॅसिडवर.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे. १८४२ च्या परीक्षेत त्यांना केमिस्ट्रीत चक्क साधारण असा शेरा मिळाला होता!

त्या काळी एक कोडं होतं. टार्टारिक आणि रेसिमिक अ‍ॅसिडचा फॉर्म्युला एकच. पण पहिल्याच्या द्रावणातून पोलराइज्ड प्रकाश सोडला की तो उजवीकडे वळायचा, दुसऱ्यातून सरळ जायचा. मेल्टिंग पॉइंटही वेगळे, सुमारे १७० आणि २०६ अंश. असं का?

१८४८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, पाश्चर यांनी रेसिमिक अ‍ॅसिडच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक निरखून पाहिले. त्यात दोन प्रकार होते, डाव्या-उजव्या हातासारखे, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. तांदळातले खडे निवडावे तसे त्यांनी ते एकेक करून वेगळे केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं तेवढाच डावीकडे. समान मिसळले की परिणाम शून्य! ७४ वर्षांच्या बियो सरांनी हा प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करून घेतला, तेव्हाच त्यांची खात्री पटली.

गंमत म्हणजे हे वेगवेगळे स्फटिक साधारण २८ अंशांच्या खालीच तयार होतात. आपल्या दर्यापुरात मे महिन्यात हा प्रयोग फसलाच असता!

या जुळ्यांचा मेल्टिंग पॉइंट, घनता, पाण्यातली विद्राव्यता सारखीच. पण बुरशीला मात्र फरक कळतो. ती उजवं खाते, डावं तसंच ठेवते, हे पाश्चर यांना पुढे दिसलं. याच वाटेने ते जंतूंकडे वळले.

आयुष्य सोपं नव्हतं. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. १८६८ मध्ये डाव्या अंगाला पक्षाघात झाला. तरीही १८८५ मध्ये रेबीजची लस देऊन त्यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरवर उपचार केले. त्यांच्याच पॅरिसच्या संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. ती पाहायला पाश्चर नव्हते, २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते वारले होते.

तेव्हा दोस्तांनो, केमिस्ट्रीत मार्क कमी पडले म्हणून खचू नका. फक्त सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी पुन्हा एकदा नीट बघा.