स्टाइनबेकची सोलो ट्रिप

सोलो ट्रिप म्हटलं की आपल्याला बाइक, पाठीवरची सॅक आणि विशी-पंचविशीतलं कुणीतरी आठवतं. जॉन स्टाइनबेक निघाला तेव्हा ५८ वर्षांचा होता. आदल्याच डिसेंबरात त्याची तब्येत चांगलीच बिघडली होती आणि डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं. हा तोच स्टाइनबेक, ‘द पर्ल’वाला, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’वाला. पुलित्झर मिळून २० वर्षं झालेली, न्यूयॉर्कमध्ये घर, लाँग आयलंडवर सॅग हार्बरला समुद्राकाठी दुसरं घर. पण एक गोष्ट त्याला टोचत होती. ज्या अमेरिकेवर आपण लिहितो ती आपण कित्येक वर्षांत नीट बघितलेलीच नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं.

मग त्याने एक नवाकोरा जीएमसी पिकअप ट्रक घेतला. मागे छोटं घरच बसवून घेतलं, पलंग आणि शेगडीसकट. ट्रकचं नाव ठेवलं रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्याचं. सोबतीला चार्ली, दहा वर्षांचा फ्रेंच पूडल. लोकांनी फार चौकशा करू नयेत म्हणून बंदुका आणि मासेमारीचे गळही भरले. शिकारीला निघालेल्या माणसाला कोणी कुठे चाललात, का चाललात, असं विचारत बसत नाही ना! २३ सप्टेंबर १९६० ला स्वारी निघाली. एवढ्या प्रवासात आपल्याला कोणी ओळखलं नाही, असं त्याने नंतर लिहिलं.

नॅशनल पार्क्सबद्दल त्याचं मत जरा खवचट होतं. निसर्गातलं जे जगावेगळं आहे तेवढ्यालाच आपण कुंपण घालतो, त्यावरून देश कळत नाही, असं त्याला वाटायचं. तरी यलोस्टोन टाळणं त्याला जमलं नाही. घरी गेल्यावर शेजारी काय म्हणतील, हेही एक कारण होतंच. (फोटो काढायला म्हणून पॉइंट बघणारे आपण एकटेच नाही तर.) त्या काळी यलोस्टोनची अस्वलं खाऊ मागायला थेट रस्त्यावर यायची. गेटवरच्या रेंजरने कुत्र्याबद्दल सावध केलं. आपला चार्ली गरीब आहे, याची स्टाइनबेकला खात्री होती. आणि पहिलं अस्वल दिसताच गरीब चार्ली पिसाळल्यासारखा झाला. भुंकणं, काचेवर उड्या, नुसता थयथयाट. शेवटी ट्रक वळवून जगातलं पहिलं नॅशनल पार्क अर्धवट सोडावं लागलं.

पुढे रेडवूडच्या जंगलात उलटंच. ही झाडं १०० मीटरपर्यंत आणि त्याहूनही उंच जातात. स्टाइनबेक त्यांच्याच प्रदेशात वाढलेला, त्याच्यासाठी ती देवळासारखी. जगातल्या सगळ्या कुत्र्यांनी हेवा करावा असं झाड आज चार्लीला दाखवायचं, अशी त्याची फार हौस. चार्लीने ढुंकूनही पाहिलं नाही. एवढं प्रचंड खोड म्हणजे झाड आहे, हेच त्याला कळेना. मग मालकाने विलोची एक फांदी तोडून बुंध्याला टेकवून रोवली, तेव्हा कुठे साहेबांनी पाय वर केला.

इथवर पुस्तक मजेमजेत जातं. त्यानंतर येतं माँटेरे, आणि तिथला भाग वाचायला जरा जड आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. स्टाइनबेकचा जन्म १९०२ चा, कॅलिफोर्नियातल्या सलिनासचा. तिथून माँटेरेचा समुद्र जवळच. १९३० मध्ये तिथे त्याला एड रिकेट्स भेटला. एड समुद्री जीवांचा अभ्यासक. सार्डीन डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत त्याची प्रयोगशाळा होती, आणि तिचाच मित्रमंडळींनी अड्डा करून टाकला होता. भरती-ओहोटीच्या डबक्यांत वाकून काय काय बघायचं असतं, हे स्टाइनबेकला एडने शिकवलं. १९४० मध्ये दोघं बोटीने कॅलिफोर्नियाच्या आखातात सहा आठवडे हिंडले आणि त्यावर दोघांच्या नावाने पुस्तक आलं. ‘द पर्ल’ची मूळ गोष्टही स्टाइनबेकला त्याच सफरीत ऐकायला मिळाली. ‘कॅनरी रो’मधला डॉक म्हणजे तर एडच. मे १९४८ मध्ये प्रयोगशाळेजवळच्या क्रॉसिंगवर एडच्या गाडीला ट्रेनने धडक दिली. तीन दिवसांनी तो गेला. स्टाइनबेक न्यूयॉर्कहून धावत आला, पण उशीर झाला होता.

आता बारा वर्षांनी तो त्याच गावात परतला होता. सार्डीन संपले होते, मासळीच्या वासाच्या जागी टुरिस्ट आले होते. रस्त्याचं मूळ नाव बदलून १९५८ मध्ये चक्क ‘कॅनरी रो’ करण्यात आलं होतं, त्याच्याच कादंबरीवरून. जुन्या ओळखीच्या बारमध्ये जॉनी गार्सिया भेटला. आता परत ये, इथेच राहा, असा त्याचा आग्रह. त्यावर स्टाइनबेक गेलेल्या दोस्तांची नावं घेत सुटतो. एडचं नावही येतं. हे गाव माझं उरलं नाही, इथे मीच भूत झालोय, असा त्याचा सूर. मग तो तिथे थांबत नाही. फ्रीमाँट पीक या डोंगरावर चढतो, लहानपणीचा सगळा मुलुख एकदा वरून बघून घेतो आणि निघतो.

त्यानंतर त्याचं लक्ष प्रवासात फारसं राहिलेलं दिसत नाही. अपवाद न्यू ऑर्लीन्सचा. तिथे गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या एका लहानशा कृष्णवर्णीय मुलीला रोज सकाळी बायका जमून घाण शिव्या देत होत्या. ते त्याने गर्दीत उभं राहून पाहिलं, आणि पुस्तकातली सगळ्यात संतापलेली पानं तीच आहेत. सुमारे १६ हजार किलोमीटर करून परतताना हा माणूस स्वतःच्याच न्यूयॉर्कमध्ये रस्ता चुकला.

‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ मध्ये आलं, त्याच वर्षी नोबेलही मिळालं. अनेक वर्षांनी, २०१० मध्ये, एका पत्रकाराने तो मार्ग पुन्हा पालथा घातला आणि हस्तलिखित तपासलं. ट्रिप म्हणावी तितकी सोलो नव्हतीच! बायको एलेन बऱ्याच टप्प्यांत सोबत होती, मुक्काम पुष्कळदा हॉटेलांत होते, आणि पुस्तकात भेटणारी काही माणसं बहुधा कल्पनेतली. ५० वर्षांच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे शब्दशः खरं मानू नका, असं सांगावं लागलं. पत्रकारिता शिकत असल्यामुळे मला हे खटकतं. संवाद रचायचे तर मुखपृष्ठावर कादंबरी असं छापावं, सरळ हिशेब. पण एडचं जाणं रचलेलं नाही, तो रस्ताही नाही. माँटेरेची पानं मी पुन्हा वाचली, आणि ती मला आधीइतकीच खरी वाटली.

स्टाइनबेक २० डिसेंबर १९६८ ला न्यूयॉर्कमध्ये गेला. त्याच्या अस्थी सलिनासला आणून घरच्यांच्या शेजारी पुरल्या. रोसिनान्तेही आता सलिनासलाच आहे, त्याच्या नावाच्या संग्रहालयात.