तेरावा माणूस कुठे गेला?

सन १८९६ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचे एक कोडे निघाले. पुठ्ठ्याच्या मधोमध फिरणारी एक गोल चकती, तिच्यावर पृथ्वीचे चित्र आणि चकतीच्या कडेभोवती तलवारी उगारलेले तेरा चिनी योद्धे. योद्ध्यांचे काही अवयव चकतीवर, तर काही बाहेरच्या पुठ्ठ्यावर काढलेले होते. चकती थोडी फिरवली की योद्धे बाराच उरत. मागे फिरवली की पुन्हा तेरा. काही खोडलेले नाही, काही झाकलेले नाही, तरी डोळ्यांदेखत एक माणूस नाहीसा. कोड्याचे नाव होते ‘गेट ऑफ द अर्थ’, म्हणजे पृथ्वीवरून चालते व्हा. ते काढणाऱ्याचे नाव सॅम लॉइड.

आपल्या मासिकाच्या मराठी पानावर बहुतेक वेळा शूर सेनापतींची चरित्रे येतात. लॉइडने एकही लढाई लढली नाही. पण समोरच्याला चकवणे ही विद्या त्याच्याइतकी फार थोड्यांना साधली असेल. मला तो आवडतो आणि त्याच्या काही गोष्टी मुळीच आवडत नाहीत. म्हणूनच त्याच्याविषयी लिहावेसे वाटले.

सॅम्युएल लॉइडचा जन्म ३० जानेवारी १८४१ रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. तो लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला राहायला गेले. तिथे त्याला बुद्धिबळाचा नाद लागला. डाव खेळण्यापेक्षा इतक्या चालींत मात करा अशी कोडी रचण्यात त्याला जास्त गोडी होती. १८५५ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याचे पहिले कोडे छापून आले. पुढे दोन वर्षांत तो ‘चेस मंथली’ या मासिकातील कोड्यांचे सदर सांभाळू लागला. म्हणजे मी आज आहे त्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठा असताना तो संपादकाचे काम करत होता.

त्याच्या बुद्धिबळाच्या कोड्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे ‘एक्सेलसियर’. ते १८६१ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. त्याच्या एका मित्राला गर्व होता की कोणतेही कोडे पाहून मात देणारा मोहरा तो आधीच ओळखू शकतो. लॉइडने एका जेवणाची पैज लावली आणि एक कोडे मांडून, शेवटची मात जो मोहरा नक्कीच देणार नाही तो दाखव, असे सांगितले. मित्राने मूळ जागेवरच उभे असलेले, अजून न हललेले एक प्यादे दाखवले. तेच प्यादे पाच चालींत पटाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते, वजीर होते आणि मात देते. लॉइडला पटाइतकाच समोरचा माणूसही वाचता येत होता. कोणत्या जागेकडे कोणी लक्ष देणार नाही, हे त्याला अचूक कळे.

हीच जाण घेऊन तो पटावरून चित्रांकडे वळला. ‘ट्रिक डॉंकीज’ नावाच्या कोड्यात एका कागदाचे तीन आयताकृती तुकडे करायचे असत. दोन तुकड्यांवर एकेक गाढव आणि तिसऱ्यावर दोन स्वार. कागद न दुमडता दोन्ही स्वार गाढवांच्या पाठीवर बसवायचे. प्रत्येक जण गाढवे सरळ उभी ठेवून स्वारांचा तुकडा इकडेतिकडे फिरवत बसतो. उत्तर असे की गाढवे पाठीला पाठ लावून ठेवायची आणि स्वारांची पट्टी मधून आडवी ठेवायची. मग एका गाढवाचा पुढचा भाग दुसऱ्याच्या मागच्या भागाला जुळतो आणि मरगळलेल्या दोन गाढवांची दोन दौडणारी गाढवे होतात. सर्कसवाला पी. टी. बार्नम याने हे कोडे जाहिरातीसाठी घेतले आणि ते घरोघरी पोहोचले.

दुसऱ्या एका कोड्यात काळ्या घोड्याच्या चित्राचे सहा तुकडे असतात. ते मांडून शक्य तितका चांगला घोडा तयार करायचा. लोक काळे तुकडेच एकमेकांना जोडत बसतात. लॉइडचे उत्तर म्हणजे तुकडे कडेने असे ठेवायचे की मधल्या मोकळ्या जागेत पांढरा घोडा उमटेल. आपली नजर आकृती पाहते, मागची जागा पाहत नाही, आणि लॉइडने घोडा नेमका तिथे ठेवला होता.

आता तेराव्या माणसाकडे येऊ. या युक्तीचे तत्त्व लॉइडच्या आधीपासून माहीत होते आणि ते घरी करून पाहता येते. कोऱ्या कागदावर १ सेंटीमीटर अंतराने ९ सेंटीमीटर लांबीच्या १० उभ्या रेषा एका ओळीत काढा. पहिल्या रेषेच्या वरच्या टोकापासून दहाव्या रेषेच्या खालच्या टोकापर्यंत तिरकी रेषा आखा, ती दोन्ही बाजूंनी कागदाच्या कडेपर्यंत वाढवा आणि त्यावरून कागद कापा. आता खालचा तुकडा कापावरूनच उजवीकडे खाली सरकवा, बरोबर एक रेषा पुढे जाईल इतका. रेषा मोजा. नऊच भरतील!

आमच्या हाउसमध्ये रविवारी मी हा कागद आठ-नऊ जणांना दाखवला. सगळ्यांनी रेषा पुन्हा पुन्हा मोजल्या. एकाने कागद उलटा करून पाहिला, एकाने माझी बाही तपासली. बिहारहून आलेला सातवीतला एक ज्युनियर मात्र काही न बोलता कपाटाकडे गेला आणि पट्टी घेऊन आला. त्याने रेषा मोजल्या नाहीत, रेषेची लांबी मोजली. ती ९ नव्हे, १० सेंटीमीटर भरली. दहा रेषा नऊ सेंटीमीटरच्या म्हणजे एकूण ९०, आणि नऊ रेषा दहा सेंटीमीटरच्या म्हणजेही ९०. काहीच नाहीसे झालेले नव्हते. एका रेषेचे तुकडे बाकीच्या नऊ जणींना थोडे थोडे वाटले गेले होते.

लॉइडच्या चकतीवरही हेच होते. उरलेल्या बारा योद्ध्यांत कुणाला थोडा हात मिळतो, कुणाला पायाचा भाग, कुणाला डोक्याचा. म्हणून तेरावा कोणता होता, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कोणीही एक जण गेला नाही, आणि म्हणूनच कोणी जाताना दिसत नाही.

डोळा लहान फरकांवर किती सहज पांघरूण घालतो, हे आणखी एका प्रसिद्ध कोड्यात दिसते. बुद्धिबळाच्या पटासारखा ८ बाय ८ चा चौरस घ्या, म्हणजे ६४ घरे. त्याचे चार तुकडे करायचे: ३ आणि ८ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण, आणि दोन समलंब चौकोन. हेच तुकडे वेगळ्या रीतीने जुळवले की ५ बाय १३ चा आयत होतो, म्हणजे ६५ घरे! जर्मन गणिती श्ल्योमिल्ख याने हे कोडे १८६८ मध्ये छापले होते आणि लॉइडच्या संग्रहातही ते आहे. खरी गोम आयताच्या कर्णात आहे. त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा चढ ८ ला ३, तर चौकोनाच्या तिरक्या बाजूचा चढ ५ ला २. एक ०.३७५ आणि दुसरा ०.४. त्यामुळे कर्ण सरळ नसतोच. त्याच्या पोटात एक लांबट, अगदी अरुंद फट राहते आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एक घर असते. जाड पेन्सिलीने रेघ ओढली की ती फट झाकली जाते.

इथपर्यंत लॉइडचे कौतुकच करावेसे वाटते. पण त्याचे चरित्र इथे संपत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सरकत्या आकड्यांचे कोडे खेळले आहे. चौकोनी डबीत १ ते १५ आकड्यांच्या सोंगट्या आणि एक रिकामे घर. १८८० च्या सुरुवातीला या कोड्याने अमेरिकेला आणि मग युरोपला वेड लावले. त्यातला सर्वांत छळणारा प्रकार असा की बाकी सगळे क्रमाने आहेत, फक्त १४ आणि १५ यांची अदलाबदल झाली आहे, ते सरळ करा. लॉइडने पुढे त्यासाठी १,००० डॉलरचे बक्षीस लावले. ते कोणाला मिळणे शक्यच नव्हते. डबीची घरे पटासारखी काळी-पांढरी आहेत असे समजा. प्रत्येक चालीत रिकामी जागा एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाते, म्हणून ती मूळ घरी परत यायची तर चालींची संख्या समच असणार. आणि प्रत्येक चाल म्हणजे रिकाम्या जागेची एका सोंगटीशी अदलाबदल. फक्त १४ आणि १५ बदलायचे तर अशा अदलाबदली विषम संख्येने व्हायला हव्यात. सम आणि विषम एकाच वेळी होत नाही. जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ च्या एका अमेरिकन गणिती नियतकालिकात हे सिद्ध केले होते.

१८९१ पासून लॉइड सांगू लागला की हे कोडे त्यानेच शोधले. ते खोटे होते. कोड्याचा जनक न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनॅस्टोटा गावाचा पोस्टमास्तर नॉइज चॅपमन. पण लॉइडचे नाव मोठे, त्याची सांगण्याची हातोटी उत्तम. लेखकांनी त्याचे म्हणणे उचलले, त्यांच्यावरून पुढच्यांनी उचलले, आणि शंभरहून अधिक वर्षे पुस्तकांत लॉइडचेच नाव छापले गेले. शेवटी जेरी स्लोकम आणि डिक सोनेवेल्ड या दोघांनी जुनी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे तारखांनिशी तपासून २००६ मध्ये पुस्तक लिहिले आणि चॅपमनला त्याचे श्रेय परत मिळाले.

असाच प्रकार १९०३ मध्ये झाला. सात तुकड्यांच्या टॅनग्रॅम या चिनी खेळावर लॉइडने पुस्तक काढले आणि त्यात हा खेळ चार हजार वर्षांपूर्वी टॅन नावाच्या देवाने निर्माण केल्याची कथा रचून घातली. अनेकांना ती खरी वाटली. चौकशी झाली तेव्हा चीनमधल्या विद्वानांना असा कोणताही देव माहीत नव्हता. खेळ चीनचाच, पण दोनेकशे वर्षांपूर्वीचा. इंग्लंडचा मोठा कोडेकार हेन्री ड्यूडनी याचा काही वर्षे लॉइडशी पत्रव्यवहार होता. आपली कोडी लॉइड स्वतःच्या नावावर छापतो, असे दिसल्यावर तो त्याच्यावर कायमचा चिडला.

१० एप्रिल १९११ रोजी लॉइडचे निधन झाले. मुलाने बापाचेच नाव लावून काम चालू ठेवले आणि १९१४ मध्ये बापाच्या पाच हजार कोड्यांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही कोडी आवडणारे तो ग्रंथ उघडतात.

आता कोणी विचारेल, ज्याचा धंदाच फसवण्याचा, त्याने थोडे जास्त फसवले तर बिघडले कुठे? मी यावर बरेच दिवस विचार केला आहे. पुठ्ठ्याचे कोडे विकत घेणाऱ्याला ठाऊक असते की आपल्याला चकवले जाणार आहे. तो त्याचेच पैसे देतो. पट्टी त्याच्या हातात असते, हवे तेव्हा तो मोजू शकतो. १८९१ मध्ये लॉइडचे म्हणणे वाचणाऱ्याला मात्र इथे काही खेळ चालू आहे हे माहीतच नव्हते. आणि चॅपमनला तर कोणी खेळायला बोलावलेच नव्हते.

आम्हा कॅडेट्सना हा फरक समजणे जरुरीचे आहे. शत्रूला चकवणे हा युद्धाचा भाग आहे, गनिमी काव्याच्या देशातली मुले आम्ही, ते वेगळे शिकवावे लागत नाही. फील्डक्राफ्टच्या तासाला आम्ही शिकतो की लख्ख उजेडात वस्तू जवळ वाटते आणि अंधूक उजेडात लांब, म्हणून एकट्या डोळ्यावर विसंबू नये. पण गस्तीवरून परत आलेल्याने आपल्या अधिकाऱ्याला दिलेली बातमी हे कोडे नसते. तेरा माणसे पाहिली तर तेराच सांगायची. तिथे कोणी पट्टी घेऊन येणार नसतो, त्या शब्दावर दुसऱ्यांचे जीव अवलंबून असतात.

लॉइडच्या खोट्या गोष्टी त्याच्या चकतीसारख्याच चालल्या. प्रत्येक सांगणाऱ्याने चॅपमनच्या वाट्यातला थोडा थोडा भाग लॉइडला दिला आणि एक अख्खा माणूस चित्रातून गेला, कोणाच्या लक्षात न येता. त्याला परत आणायला दोन माणसांना वर्तमानपत्रांच्या तारखा लावत बसावे लागले.

सुट्टीत घरी गेलात की दहा रेषांचा तो कागद जरूर करून पाहा, आईवडिलांना आणि धाकट्या भावंडांनाही दाखवा. पुढच्या वेळी सरकत्या आकड्यांची डबी कोणाच्या हातात दिसली, तर ती कोणाची कल्पना तेही सांगा. नॉइज चॅपमन, कॅनॅस्टोटाचा पोस्टमास्तर.