सासष्टीतील पुराणिक

ज्या भूमीत पुराणे जाळली गेली, त्याच भूमीत आणि पुराणे निषिद्ध ठरविणाऱ्यांच्याच एका धर्मबंधूच्या हातून एक नवे पुराण रचले गेले, ही गोमंतकाच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु बहुतेकांच्या स्मरणात असतात त्या मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार-दोन ओव्या. त्या ओव्या ज्या ग्रंथाच्या केवळ उंबरठ्यावर आहेत तो सुमारे 11 हजार ओव्यांचा ग्रंथ आणि त्यामागचा माणूस यांची ओळख मात्र फारच थोड्यांनी करून घेतली आहे.

स्टीफन्स यांचा जन्म 1549च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथीयांना उघडपणे उपासना करणे अशक्य झाले होते. बरोबरच्या स्नेह्याला अटक झाली आणि स्टीफन्स देश सोडून रोमला पोहोचले. तेथे 1575मध्ये त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला. स्वतःच्या मायदेशी स्वतःच्या पद्धतीने देवाची प्रार्थना करण्याची मुभा नाही, हा अनुभव गाठीशी बांधून हा तरुण पूर्वेकडे निघाला. 4 एप्रिल 1579 रोजी त्यांचे गलबत लिस्बनहून सुटले व त्याच वर्षीच्या 24 ऑक्टोबरला गोव्यास लागले. या सफरीचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांस धाडलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. पुढे 1583च्या अखेरीस राल्फ फिच, न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनीच खटपट केली. पण ही त्यांच्या आयुष्यातील आडवळणे. त्यांचे खरे आयुष्य, जवळजवळ चाळीस वर्षांचे, सासष्टी महालात गेले.

त्या वेळची सासष्टी म्हणजे धगधगता निखारा होता. 1567मध्ये तेथील देवळे उद्ध्वस्त करण्यात आली होती. गोव्यात धर्मसमीक्षण संस्था, जिला सारे जग इन्क्विझिशन म्हणून ओळखते, 1560पासूनच उभी होती. 15 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांच्या संतापाचा उद्रेक झाला आणि रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. नंतर बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून घेतलेल्या गावकऱ्यांना असोळणा येथे ठार मारण्यात आले. ठार झालेले जेझुइट स्टीफन्स यांचे सहकारी होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावाला जे पत्र पाठविले, त्यात या हत्येचा वृत्तांत आहे; आणि त्याच पत्रात इकडील भाषांच्या घडणीचे लॅटिन व ग्रीक भाषांशी असलेले साम्यही त्यांनी नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स यांच्या सिद्धांताच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद! रक्ताचे डाग वाळले नसताना ज्याचे लक्ष येथील लोकांच्या बोलण्याकडे राहते, तो मनुष्य केवळ राजसत्तेच्या आश्रयाने आलेला प्रचारक नव्हे, असे आम्हाला वाटते. तथापि त्या सत्तेच्या छायेतच त्यांचे सारे कार्य झाले, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही.

ग्रंथ कसा जन्मला, ते ग्रंथातच सांगितले आहे. देवळातील शिकवणुकीच्या प्रसंगी एका नवख्रिस्ती गृहस्थाने पाद्रींस विचारले, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग तशा तऱ्हेचे दुसरे काही आम्हाला का देत नाही? या एका प्रश्नात बाटलेल्या समाजाचे सारे दुःख साठलेले आहे. देव बदलला, नाव बदलले, परंतु संध्याकाळी एकत्र बसून ओव्या ऐकण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची भूक, ती कोणत्या आज्ञापत्राने जाणार? प्रश्न विचारणाऱ्याच्या धैर्याचे आम्हाला कौतुक वाटते. तितकेच कौतुक वाटते ते उत्तर देणाऱ्याचे. त्या काळी असा प्रश्न दडपून टाकणे सोपे होते.

1616मध्ये राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ हे ते उत्तर. आदामाच्या निर्मितीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा पहिल्या पुराणात, येशूचे चरित्र दुसऱ्यात. पहिल्याचे 36 व दुसऱ्याचे 59 अध्याय. त्यांना कवी ‘अवस्वरु’ म्हणतो. प्रारंभी नमन आहे, जसे आपल्या सर्व प्राचीन कवींचे असते; मात्र येथे वंदन आहे ते विश्वाच्या कर्त्या परमेश्वराला. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द योजताना कवीला संकोच वाटत नाही. ज्ञानदेवांची आणि एकनाथांची ओवी त्याने कानांत मुरवून घेतलेली दिसते. आणि कानाच्या विवाहसोहळ्याचे वर्णन वाचताना गालिलात नव्हे तर सासष्टीतल्याच एखाद्या मांडवात आपण बसलो आहोत असे वाटते. परमेश्वराची स्तुती करा, या कथेला या, बसा, ऐका, असे हे निमंत्रण दटावणीने नव्हे, तर पुराणिकाच्या आर्जवाने दिलेले आहे.

आणि लोक आले. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या 1649 व 1654 या वर्षी निघाल्या. रविवारी, सणाच्या दिवशी, उपासकाळात हे पुराण चर्चमध्ये गायिले जाई. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले व घरोघर जपले. कोकणी भाषेवरही स्टीफन्स यांचे ऋण आहे. त्यांची कोकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ 1622मध्ये आणि कोकणीचे व्याकरण 1640मध्ये राशोललाच छापले गेले. ही दोन्ही पुस्तके पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1619मध्ये गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. मराठी आणि कोकणी यांच्या वादात त्यांना कोणत्या तरी एका गोटात ओढू पाहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की या इंग्रज माणसाला दोन्हींची सेवा करताना अडचण भासली नाही.

त्यांच्या पश्चात वारे फिरले. 1684मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढून स्थानिक भाषेचा वापर बंद करावा, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, असा हुकूम सोडला. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी देवाला आळविले, तीच आता त्यांच्या धर्मबांधवांच्या राज्यात अपराधी ठरली. सतराव्या शतकातील त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते तेवढी श्रद्धाळू घरांत टिकली, आणि त्यांच्या आधारे 1907मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. पुढे लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात देवनागरीतील एक हस्तलिखित सापडले.

स्टीफन्स यांची स्वतःची इच्छा काय होती? 1608मध्ये रोमला, संघाच्या श्रेष्ठींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या लिपीचे खिळे पाडण्याविषयी विनंती केली होती. ते खिळे पडले नाहीत. क्रिस्तपुराण नागरी अक्षरांत छापून वाचकांच्या हाती आले ते 1956मध्ये, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. पहिल्या आवृत्तीनंतर 340 वर्षांनी.