सचोटीचा जमाखर्च : दादाभाई नौरोजी

भारताचे पितामह म्हणून दादाभाई नौरोजी यांचे नाव सर्वांना परिचित आहे. राष्ट्रीय सभेचे तीन वेळा अध्यक्ष, ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद आणि भारताच्या दारिद्र्याची कारणमीमांसा करणारे अर्थचिंतक म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली आहे. परंतु ते एक व्यापारी होते, इंग्लंडच्या भूमीवर पहिली हिंदी पेढी उभारणाऱ्यांपैकी एक होते, आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया पेढीच्या किर्द-खतावणीत घातला गेला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने मनन करावे असे त्यांच्या चरित्रातील हे पर्व आहे.

बालपण आणि संस्कार

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. अवघ्या चार वर्षांचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले. माता माणेकबाई स्वतः निरक्षर होत्या. पण मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी अपार कष्ट सोसले. मुंबईतील ज्या शाळेत दादाभाई शिकले तेथे त्या काळी फी घेतली जात नसे. फी असती तर आपण शिकूच शकलो नसतो, आपले शिक्षण गोरगरिबांच्या पैशातून झाले आहे, तेव्हा ते ऋण समाजाला परत केलेच पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात तरुणपणीच रुजला. देणे हे देणेच असते आणि ते कधी ना कधी फेडावे लागते, हा त्यांचा पहिला हिशेब होय.

लहानपणाचा आणखी एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्यावर ठसा उमटवून गेला. त्या काळी अनेक पारशी घरांत रात्रीच्या भोजनापूर्वी थोडे मद्य घेण्याचा प्रघात होता. एके दिवशी घरातील मद्य संपले होते, म्हणून दादाभाईंना समोरच्या गुत्त्यात जाऊन ते घेऊन येण्यास नव्हे, तर तेथेच पिऊन येण्यास सांगण्यात आले. गुत्त्याची पायरी चढताना त्यांना अशी काही लाज वाटली, की त्या दिवसापासून त्यांनी मद्याला कायमची रजा दिली. सुविचार, सुवचन आणि सत्कृत्य ही जरथुष्ट्री धर्माची त्रिसूत्री त्यांच्या केवळ पाठांतरात राहिली नाही. ती आचरणात उतरली.

एल्फिन्स्टन संस्थेतील त्यांची बुद्धिमत्ता पाहून सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवावे, अर्धा खर्च आपण देऊ, असे सुचविले. मुलगा परदेशी जाऊन धर्म बदलील या भीतीने समाजातील वडीलधाऱ्यांनी ती सूचना मान्य केली नाही. पुढे दादाभाई त्याच संस्थेत गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. हिंदी माणसाला त्या संस्थेत असा पूर्ण प्राध्यापकाचा मान प्रथमच मिळत होता. मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा काढणे, ‘रास्त गोफ्तार’ हे पत्र १८५१ मध्ये सुरू करणे अशी कामे त्यांनी याच काळात केली. तिशीच्या आत एवढा मान मिळविलेला माणूस जन्मभर प्राध्यापकी करील असेच सर्वांना वाटत होते.

प्राध्यापकाचा व्यापारी

आणि १८५५ मध्ये दादाभाईंनी प्राध्यापकीचा राजीनामा दिला. मुंबईच्या प्रसिद्ध कामा घराण्याने लंडन व लिव्हरपूल येथे आपली पेढी उघडण्याचे ठरविले होते. त्यात भागीदार म्हणून त्यांनी दादाभाईंना बोलाविले. जून १८५५ मध्ये दादाभाई आणि खरशेटजी रुस्तमजी कामा मुंबईहून जहाजाने निघाले. ‘कामा आणि कंपनी’ ही इंग्लंडमधील पहिली हिंदी पेढी मानली जाते. विद्येचा त्याग करून दादाभाई पैशामागे लागले, अशी हळहळ त्या वेळी अनेकांनी व्यक्त केली.

या धाडसाचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या व्यापाराची रीत ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईहून इंग्लंडला कापूस जात असे. पण तो विकण्याचे काम तेथील गोऱ्या आडत्यांच्या हाती असे. गासड्या गलबतात चढल्या, की आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून त्यांना लिव्हरपूलला पोहोचण्यास काही महिने लागत. तारायंत्राची सोय नव्हती, सुएझचा कालवा खोदला गेला नव्हता. तेथे माल कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने विकला, घट किती धरली, वखारभाडे, विमा व दलाली किती कापली, हे सारे आडत्या लिहील तेच खरे मानावे लागे. मुंबईच्या व्यापाऱ्याला आपला माल विकला जाताना कधी पाहता येत नसे. स्वतःची पेढी स्वतःच्या माणसाने तेथे चालविणे म्हणजे हा पडदा दूर सारणे होते.

ब्रिटिश प्रजाजन या नात्याने हिंदी माणसाला इंग्लंडमध्ये व्यापार करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. अडचण होती ती पतीची. परक्या वेषाच्या, परक्या वर्णाच्या माणसाची हुंडी कोणी स्वीकारावी? बँकेने कोणत्या भरवशावर रक्कम द्यावी? आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नावावर चालणारी पत तेथे पहिल्या दिवसापासून, एकेक व्यवहार चोख पार पाडून, नव्याने कमवावी लागणार होती. त्याच १८५५ साली इंग्लंडमध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा संमत झाला. परंतु भागीदारीच्या पेढीला त्याचे संरक्षण नव्हते. पेढी बुडाली तर भागीदाराची खासगी मालमत्ताही धनकोंच्या स्वाधीन होत असे. म्हणजे जोखीम केवळ भांडवलाची नव्हती, तर अब्रूचीही होती.

लिव्हरपूल शाखेची सूत्रे दादाभाईंकडे आली. गणिताच्या प्राध्यापकाला जमाखर्च शिकणे अवघड नव्हते. त्याच वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८५६ पासून सुमारे दहा वर्षे ते गुजरातीचे प्राध्यापक होते. शिक्षणासाठी येणाऱ्या हिंदी तरुणांना त्यांचे घर म्हणजे हक्काचा आसरा वाटे.

नफा नाकारणारा भागीदार

पेढीचा जम बसत असतानाच कसोटीचा क्षण आला. कामा कंपनीच्या व्यवहारांत कापसाबरोबर अफू आणि मद्य यांचाही समावेश होता. त्या काळच्या कायद्याने हा व्यापार पूर्णपणे मान्य होता. मोठमोठी प्रतिष्ठित घराणी त्यावर श्रीमंत झाली होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. दादाभाईंना मात्र ते मानवेना. ज्या वस्तूने माणसाची बुद्धी आणि घर उद्ध्वस्त होते, तिच्या विक्रीतून आलेला पैसा आपल्या खात्यावर जमा व्हावा हे त्यांना असह्य झाले. त्या नफ्यातील वाटा घेण्यास त्यांनी नकार दिला, आणि भागीदार हा व्यापार सोडण्यास तयार नाहीत असे दिसताच १८५८ च्या सुमारास पेढीतून अंग काढून घेतले.

हा निर्णय किती कठीण होता हे व्यापारी माणसालाच कळू शकेल. प्राध्यापकी सोडून आलेला, पदरी स्वतःचे मोठे भांडवल नसलेला, परमुलखात नुकतीच ओळख झालेला हा माणूस चालत्या पेढीतून केवळ तत्त्वासाठी बाहेर पडला. आपण न विकल्याने अफू जगातून नाहीशी होणार नाही, हे त्यांनाही कळत होते. पण जगाच्या हिशेबाआधी माणसाने आपले स्वतःचे खाते स्वच्छ ठेवावे, असे त्यांचे मत होते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५९ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये ‘दादाभाई नौरोजी आणि कंपनी’ ही स्वतःची पेढी स्थापन केली. व्यापार मुख्यतः कापसाचा. अफू आणि मद्य यांना तेथे थारा नव्हता.

तेजी, मंदी आणि पत

लवकरच कापसाच्या व्यापारात न भूतो असे वादळ आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस येण्याचे थांबले आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, रोज नव्या बँका व कंपन्या निघू लागल्या. कापूस आणि शेअर यांचे राजे म्हणून शेठ प्रेमचंद रायचंद यांचा उदय याच काळातला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे ढासळल्या. प्रेमचंदांसारखे धुरंधरही त्या तडाख्यातून सुटले नाहीत. मे १८६६ मध्ये लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही मातब्बर वित्तसंस्था बुडाली आणि तेथेही हाहाकार उडाला.

या पडझडीत दादाभाईंची पेढीही सापडली. अडचणीत आलेल्या एका मित्राला सावरण्यासाठी त्यांनी आपल्या ऐपतीपलीकडे मदत केली आणि तो भार पेढीला पेलवला नाही, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. दादाभाईंनी काहीही लपविले नाही. सर्व वह्या धनकोंसमोर ठेवल्या. हिशेबात कोठेही खोट नाही, पैसा कोठेही दडविलेला नाही, हे पाहून धनकोंनी त्यांना सन्मानाने मोकळे केले. भांडवल गेले, पत राहिली. परक्या देशात, परक्या लोकांमध्ये, दहा वर्षांच्या चोख व्यवहाराने कमावलेली पत अपयशाच्या दिवशी कामी आली.

पेढीची खतावणी, देशाची खतावणी

पेढी अडचणीत असतानाच दादाभाईंच्या जीवनाचे खरे कार्य आकार घेत होते. डिसेंबर १८६६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना झाली. १८६७ मध्ये तेथेच त्यांनी इंग्लंड भारताचे किती देणे लागते या विषयावर निबंध वाचला.

या विचाराचे मूळ व्यापारी अनुभवात होते. व्यापाऱ्याने शंभराचा माल पाठविला तर खर्च व नफा धरून शंभराहून अधिक परत यावे, हा साधा नियम. पण देशाची आयात-निर्यात मांडून पाहता दादाभाईंना दिसले, की भारतातून दरवर्षी जेवढ्या किमतीचा माल बाहेर जातो त्याहून कमी परत येतो. उरलेली रक्कम गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने, व्याज आणि लंडनमधील सरकारी खर्च या वाटांनी निघून जाते. यालाच पुढे आर्थिक निःसारणाचा सिद्धांत असे नाव मिळाले. १८७६ मध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यात सरकारच्याच आकड्यांच्या आधारे त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राला याहून अधिक खर्च येतो हे दाखवून दिले. भावनेला आवाहन करण्यापूर्वी ताळेबंद पुढे ठेवणे, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळेच विरोधकांना त्यांची हेटाळणी करता आली, पण त्यांचे आकडे दुर्लक्षिता आले नाहीत.

१८७४ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. नंतर मुंबई महापालिकेत त्यांनी काम केले. काही काळ पुन्हा लंडनचा व्यापार पाहून १८८१ मध्ये त्यांनी तो आवरता घेतला आणि पुढील आयुष्य देशाला वाहिले. १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेची स्थापना झाली तेव्हा ते तेथे होते. १८८६ च्या निवडणुकीत लंडनमधील होबर्न मतदारसंघात पराभव झाल्यावरही ते खचले नाहीत. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या ५ मतांच्या आधिक्याने ते पार्लमेंटवर निवडून आले. १९०६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याचे ध्येय देशापुढे ठेवले. स्वदेशीचा पुरस्कारही त्याच अधिवेशनाने केला. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

दादाभाईंनी मोठी संपत्ती मागे ठेवली नाही. त्यांच्या पेढीची पाटीही आज लंडनमध्ये कोठे नाही. परंतु परमुलखात जाऊन व्यवसाय थाटणाऱ्या हिंदी माणसासाठी त्यांनी जो दंडक घालून दिला तो मोलाचा आहे. कायदा ज्याची परवानगी देतो ते सर्वच करण्याजोगे नसते; तोटा आल्यास वह्या उघड्या ठेवाव्यात; आणि समाजाचे ऋण आपल्या नावे मांडून ठेवून ते जन्मभर फेडत राहावे. भांडवल येते आणि जाते. सचोटीच्या खात्यावर जमा झालेली रक्कम मात्र मनुष्य गेल्यानंतरही व्याजासह वाढत राहते, याची साक्ष दादाभाईंचे जीवन देत आहे.