लोकशाहीर पठ्ठे बापूराव

कृष्णा नदीच्या काठी रेठरे हरणाक्ष नावाचे एक गाव आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज ते सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात आहे. या गावी एका ब्राह्मण कुटुंबात ११ नोव्हेंबर १८६६ रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. पुढे हे नाव मागे पडले आणि उभा महाराष्ट्र त्याला पठ्ठे बापूराव या नावाने ओळखू लागला.

श्रीधरच्या घराण्याकडे कुलकर्णीपणाचे वतन होते. गावाचा जमाखर्च ठेवावा, शेतसाऱ्याच्या नोंदी कराव्यात, कागदपत्रे मोडी लिपीत लिहावीत, ही कुलकर्ण्याची कामे. गावात पाटलाच्या खालोखाल त्याचा मान असे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात चालत असल्यामुळे श्रीधरचा पुढील मार्ग जणू आधीच आखलेला होता. दप्तर सांभाळावे, सणवार करावेत आणि चार लोकांत प्रतिष्ठेने राहावे, एवढीच घरच्यांची त्याच्याकडून अपेक्षा होती.

परंतु श्रीधरचे मन दप्तरात रमणारे नव्हते. पहाटे गावातील घराघरांतून जात्याची घरघर ऐकू येई आणि तिच्याबरोबर बायकांच्या ओव्याही कानी पडत. त्या ओव्यांनी हा मुलगा वेडावून जाई. गावाबाहेरच्या वस्तीत, ज्यांना त्या काळचा समाज अस्पृश्य मानी, त्या लोकांच्या घरांतूनही अशीच गोड गाणी येत. श्रीधरला तेथे जाण्यास संकोच वाटत नसे. तो दळणाऱ्या बायकांची गाणी ऐके, त्यांच्या चाली मनात साठवी आणि त्यांना नवी गाणी रचून देई. शाळेत न मिळणारे काव्याचे शिक्षण त्याला अशा रीतीने जात्याच्या पाळूजवळ मिळाले. लोकांच्या तोंडची भाषा, तिचा ठसका आणि तिचा गोडवा हे धन त्याला आयुष्यभर पुरले.

गाण्याच्या या ओढीनेच त्याला तमाशाकडे नेले. तमाशा हा महाराष्ट्रातील फार जुना लोकरंजनाचा प्रकार आहे. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या साहित्यावर तो उभा राहतो. प्रथम गणपतीचे स्तवन करणारा गण होतो. मग कृष्ण, पेंद्या व मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी यांचा विनोदी प्रसंग येतो. त्याला गवळण म्हणतात. त्यानंतर लावण्या रंगतात आणि शेवटी वग सुरू होतो. वग म्हणजे गाण्यांत व संवादांत गुंफलेली एखादी कथा. ती ऐकण्यासाठी शेतकरी व मजूर पहाट होईपर्यंत बसून राहत.

ज्या तमाशावर लोक एवढे लुब्ध होते, त्या तमाशाला आणि तो करणाऱ्या कलावंतांना मात्र समाजात मान नव्हता. बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील असत. स्वतःला उच्चवर्णीय म्हणवणारे लोक त्यांची कला पाहत, परंतु त्यांना आपल्या ओसरीवरही येऊ देत नसत. अशा मंडळींच्या संगतीत कुलकर्ण्यांचा तरुण मुलगा दिसू लागला, तेव्हा गावात मोठी खळबळ उडाली. नातलगांनी समजूत घातली, जातभाईंनी दोष दिला. त्याने तमाशा सोडावा, नाहीतर घर व मान सोडावा, असा प्रश्न उभा राहिला.

यापूर्वीही असे घडले होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात सोलापूरचे राम जोशी यांनी ब्राह्मण असूनही डफावर लावणी गाण्याचा मार्ग धरला होता आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला होता. श्रीधर त्याच वाटेने निघाला. त्याने कुलकर्णीपणाचे वतन सोडले, नातीगोती मागे टाकली आणि तो तमाशाच्या फडात कायमचा दाखल झाला. ज्या काळी जातीबाहेर पडणे म्हणजे सगळे आधार गमावणे होते, त्या काळी त्याने हा निर्णय घेतला. श्रीधर कुलकर्णी संपला आणि पठ्ठे बापूराव जन्माला आला.

बापूरावांची प्रतिभा आता मोकळी झाली. त्यांची रचना भराभर होई. गण, गवळणी, लावण्या, सवाल-जवाब, वग, असा तमाशाचा एकही भाग त्यांनी अस्पर्श ठेवला नाही. त्यांच्या लावण्यांत केवळ शृंगार नव्हता. देवादिकांच्या कथा, वेदान्तातील कोडी, संसारातील सुखदुःखे आणि डोळ्यांनी पाहिलेली गावे व शहरे हे सर्व त्यांत येई. मुंबई शहराचे त्यांनी लावणीत केलेले वर्णन विशेष प्रसिद्ध आहे. रचनेच्या अखेरीस ते आपले नाव गोवीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला कवी कोण ते लगेच समजे. 'मिठाराणी' हा त्यांचा वग फार गाजला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्यासमोरही त्याचा प्रयोग झाला.

बापूरावांच्या कीर्तीत पवळा या कलावतीचा वाटा मोठा आहे. पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावची. तिचा जन्म महार कुटुंबात झाला होता. त्या काळी तमाशात स्त्रियांची सोंगे पुरुषच घेत; त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. अशा वेळी जातिवंत रूप, गोड गळा आणि चपळ पाऊल घेऊन पवळा फडावर उभी राहिली. तमाशाच्या रंगमंचावर आलेल्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. बापूरावांनी शब्द रचावेत आणि पवळेने ते गाण्यातून व अभिनयातून जिवंत करावेत, असा योग जुळून आला. ती कलेप्रमाणेच जीवनातही त्यांची सोबतीण झाली. ब्राह्मणाने महार स्त्रीबरोबर राहावे, ही गोष्ट सनातनी लोकांना मुळीच सहन झाली नाही. परंतु बापूराव त्यांच्या निंदेने डगमगले नाहीत.

या जोडीने मुंबई गाजविली. गिरण्यांतून राबणारे हजारो कामगार कोकणातून व घाटावरून तेथे आले होते. दिवसभराच्या श्रमांनंतर त्यांना आपल्या गावची बोली आणि गावची ढोलकी ऐकावीशी वाटे. बापूरावांच्या तमाशाने त्यांची ही भूक भागविली. गावच्या पारापुढे होणारा तमाशा शहरात तिकीट लावून होऊ लागला. बापूरावांच्या हाती पैसा आला. पण तो साठविण्याची बुद्धी त्यांच्यापाशी नव्हती. जसा आला तसा तो गेला.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग विचार करण्यासारखा आहे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्या कार्यासाठी आपल्या तमाशाचे उत्पन्न द्यावे, अशी इच्छा बापूरावांनी व्यक्त केली. बाबासाहेबांनी ती मदत नाकारली. आपल्या समाजातील स्त्रियांना लोकांपुढे नाचवून मिळालेला पैसा त्यांच्या मानासाठी चाललेल्या लढ्यात घेणे त्यांना योग्य वाटले नाही. बापूरावांचा हेतू चांगला होता आणि बाबासाहेबांचा नकारही तत्त्वाचा होता. ज्या कलेसाठी बापूरावांनी सर्वस्व सोडले, त्या कलेत स्त्रियांच्या वाट्याला किती दुःख येते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

पुढे पवळेची व बापूरावांची ताटातूट झाली. १९३९ साली पवळेचे निधन झाले. बोलपटाचे युग सुरू झाले होते आणि लोकांची आवड बदलत होती. बापूरावांचे शरीर थकले, जवळचा पैसा संपला आणि ज्यांच्या लावण्यांनी हजारोंना डोलविले, त्या शाहिराला म्हातारपणी पुण्यात हलाखीत दिवस काढावे लागले. तेथेच २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या जीवनावर १९५० साली मराठी चित्रपट निघाला; परंतु तो पाहण्यास ते उरले नव्हते.

बापूरावांच्या लावण्यांची संख्या लाखांच्या घरात सांगण्याची प्रथा आहे. त्यांतील थोड्याच छापल्या गेल्या. पुष्कळशा गाणाऱ्यांच्या गळ्यात राहिल्या आणि त्यांच्याबरोबर नाहीशा झाल्या. तरीही त्यांचे गण व गवळणी आजही तमाशाच्या बोर्डावर गायिल्या जातात. सारा जमाखर्च मांडण्याचे काम ज्यांच्या घराण्याकडे होते, त्या बापूरावांनी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब कधी मांडला नाही. वतन, जात, धन व मान यांची किंमत देऊन त्यांनी गावकुसाबाहेरच्या कलेला आपले शब्द दिले. ढोलकीवर थाप पडून गण सुरू होतो, तेव्हा त्या शब्दांच्या रूपाने हा शाहीर पुन्हा लोकांपुढे उभा राहतो.